रेडी : खाणीच्या आधीचं आणि खाणीनंतरचं गाव

वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीला लागून रेडी गाव आहे. जिल्ह्यात कुणालाही विचारा, रेडी म्हटलं की दोनच गोष्टी सांगतील – लोहखनिजाची खाण आणि द्विभुज गणपती. पण या गावाचा इतिहास खाणीपेक्षा खूप जुना आहे. आता खाणीचा पूर्वीसारखा जोर राहिलेला नाही. त्यामुळे गावाकडे दुसरं काय आहे, हे पुन्हा मोजून बघायची वेळ आली आहे.

रेवतीद्वीप ते रेडी

बदामीच्या चालुक्यांच्या काळात या किनाऱ्यावर रेवतीद्वीप नावाचं ठाणं होतं. चालुक्य राजा मंगलेश याने ते जिंकल्याचा उल्लेख इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात आहे. हे रेवतीद्वीप म्हणजेच आजचं रेडी, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी हे बंदर राजांच्या डोळ्यात भरण्याइतकं मोठं होतं. कारण सोपं आहे. आत शिरणारी खाडी, मागे डोंगर आणि घाटावर जाणारी वाट जवळ.

यशवंतगड

खाडीच्या तोंडावर यशवंतगड उभा आहे. आदिलशाहीच्या काळातला हा किल्ला पुढे शिवाजी महाराजांच्या आणि नंतर सावंतवाडीकर सावंत-भोसले यांच्या ताब्यात आला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. पुढच्या वर्षी तह होऊन तो सावंतांना परत मिळाला, पण त्या तहाचे पैसे भरण्यासाठी वेंगुर्ल्याचा महसूल गहाण टाकावा लागला. १८१९ मध्ये इंग्रजी फौजेने किल्ला पुन्हा घेतला आणि त्याच वर्षी सावंतवाडी संस्थानाशी तह केला. आज तटबंदीवर झाडांची मुळं चढली आहेत. जांभ्या दगडाचे दरवाजे, बुरूज आणि खंदक मात्र अजून ओळखू येतात.

शेजारची गावं

तेरेखोल : रेडीच्या पुढे खाडीच्या अलीकडे असूनही हा किल्ला गोव्यात मोडतो. मूळ सावंतांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी आत शिरून तिरंगा फडकवला आणि अटक करून घेतली. गोवा मुक्त झाला तो १९६१ मध्ये.

शिरोडा : १९३० च्या मे महिन्यात इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्या शाळेत शिक्षक होते. पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला.

वेंगुर्ला : १६३७ मध्ये डच व्यापाऱ्यांनी इथे वखार घातली. १९५७ मध्ये फळ संशोधन केंद्र सुरू झालं. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती इथूनच शेतकऱ्यांच्या बागेत गेल्या.

खाण आली

रेडीच्या डोंगरात लोहखनिज निघालं आणि गावाचा दिनक्रम बदलला. खनिज ट्रकने बंदरावर, तिथून बार्जने खोल पाण्यातल्या जहाजावर आणि पुढे परदेशात जायचं. गावात कच्चं लोखंड बनवणारा कारखानाही आला. खाणीत रोजगार होता, ट्रकवाल्यांना फेऱ्या होत्या, हॉटेल-गॅरेजवाल्यांचं चालत होतं.

१८ एप्रिल १९७६ रोजी याच खाणीत गणपतीची मूर्ती सापडली. एका ट्रकचालकाला स्वप्नात दृष्टांत झाला आणि सांगितलेल्या जागी खोदल्यावर मूर्ती मिळाली, अशी हकिगत आहे. दोन हातांची ही मोठी मूर्ती आज गोवा, कोल्हापूर, बेळगावकडच्या भाविकांना इथे आणते. देवळाच्या आवारात हार-फुलं, नारळ, कोकम-काजू विकणाऱ्यांची पोटं त्यावर चालतात. खाणीतून निघालेली आणि गावातच राहिलेली वस्तू कोणती, तर ही मूर्ती. बाकी खनिज जहाजात बसून गेलं.

खाण मागे काय ठेवते

खनिज काढायचं तर वरची माती बाजूला टाकावी लागते. या मातीचे ढीग पावसात धुपतात. गाळ व्हाळातून खाली मळ्यात येतो आणि भातशेतीवर बसतो. खड्डा भूजलाच्या खाली गेला की सतत पाणी उपसावं लागतं, त्याचा ताण आजूबाजूच्या विहिरींवर येतो. काम थांबलं की खड्ड्यात पाणी साचून तळं होतं. कुंपण नसेल तर ते गुरांना आणि पोरांना धोक्याचं.

म्हणून कायद्यात दोन तरतुदी आहेत, त्या खाणपट्ट्यातल्या प्रत्येक गावाला ठाऊक असायला हव्यात.

१. खाण बंद करण्याआधी दोन वर्षं अंतिम बंदी आराखडा सादर करावा लागतो. त्यात ढीग स्थिर करणं, झाडं लावणं, खड्डा सुरक्षित करणं ही कामं येतात. त्यासाठी खाणमालकाकडून आर्थिक हमी घेतलेली असते.

२. २०१५ च्या दुरुस्तीनुसार खाणमालकाने रॉयल्टीशिवाय वेगळी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानमध्ये भरायची असते. जुन्या पट्ट्यांसाठी ती रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातून दिलेल्या पट्ट्यांसाठी १० टक्के आहे. हा पैसा खाणबाधित गावांसाठीच आहे. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण आणि पर्यावरण यांना त्यात प्राधान्य आहे.

हे विषय ग्रामसभेत घेता येतात. आराखड्याची प्रत आणि निधीचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागता येतो. गावाने मागितलंच नाही, तर कुणी आपणहून घरी आणून देत नाही.

पुढे काय

रेडीत माउली देवीचं आणि स्वयंभू महादेवाचं देऊळ आहे, किल्ला आहे, खाडी आणि पुळण आहे, माड आणि काजूच्या बागा आहेत. पर्यटन जिल्हा म्हणून सिंधुदुर्गचं नाव झालं आहे. गोव्याहून येणारी गाडी गणपतीचं दर्शन घेऊन तासाभरात परत फिरते. तीच गाडी यशवंतगड बघायला थांबली, दुपारी गावात जेवली, तर पैसा गावात राहील. त्यासाठी किल्ल्यापर्यंत धड वाट, माहितीचा फलक आणि पार्किंग एवढं तरी हवं.

डोंगरातलं खनिज एकदाच निघतं. खाडी, किल्ला आणि मळे नीट राखले तर पुढच्या पिढ्यांनाही पुरतील. चौदाशे वर्षांत रेडीने अनेक राजवटी आल्या-गेलेल्या बघितल्या. खाणीचा काळ त्या मानाने लहान आहे.