फौज, गुप्तचर खातं आणि कॉम्प्युटर: आपल्या मुलांनी तयारी कुठून करावी?

दहावीचा निकाल लागला की दोन-तीन पालक हमखास विचारतात, "सर, पोराला कॉम्प्युटरची गोडी आहे आणि मिलिटरीतही जायचं म्हणतो. दोन्ही एकत्र जमतं का?" जमतं. मग आवाज खाली करून दुसरा प्रश्न येतो: "पण तिथं आपल्या पोरांना घेतात का?"

ही शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. घराघरात ती आहे आणि उगाच आलेली नाही. पण आम्हाला वर्गात दिसतं ते असं की बहुतेक मुलं कुणी नाकारण्याआधीच बाजूला होतात. अकरावीत गणित सोडतात, नाहीतर फॉर्मच भरत नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट, गणित आणि फिजिक्स सोडू नका. बारावीनंतर एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षा 900 गुणांची, त्यात गणिताचे 300, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, उर्दूत किंवा मराठीत नाही. उर्दू माध्यमाच्या मुलांनी गणिताचे इंग्रजी शब्द नववीपासूनच पाठ करावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर एनडीएचा दरवाजा मुलींनाही उघडला आहे. खडकवासला आपल्या पुण्याजवळच आहे, तरी आपल्यातल्या कितीतरी घरांना तो फक्त सिंहगडाच्या वाटेवरचा तलाव म्हणून माहीत असतो.

थेट इंजिनिअर अधिकारी व्हायचं असेल तर लष्कराची टेक्निकल एंट्री स्कीम आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात 60 टक्के आणि जेईई मेन दिलेली असावी लागते. वेगळी लेखी परीक्षा नाही. यादीत नाव आलं की एसएसबीची मुलाखत. निवड झाली तर इंजिनिअरिंगचा खर्च सरकारचा. दापोडीचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आणि महूचं दूरसंचार कॉलेज ही त्या शिक्षणाची ठिकाणं. दहावीनंतरच पाया घालायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व संस्था आहे. ती राज्य सरकारची आहे, 1977 पासून चालते. प्रवेश परीक्षेतून मिळतो.

वर्दी नको किंवा चष्म्याचा नंबर मोठा आहे, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे, आणि आमच्या मते आपल्या मुलांना तोच जास्त जवळचा. डीआरडीओत बीई झालेल्यांची शास्त्रज्ञ म्हणून निवड गेट परीक्षेचे गुण आणि मुलाखत यांवर होते. डिप्लोमा, बीएस्सी आणि आयटीआयवाल्यांसाठी वेगळी भरती निघते. पुण्यात पाषाण आणि दिघी, शिवाय अहिल्यानगर, अंबरनाथ, एवढ्या जवळ त्यांच्या प्रयोगशाळा आहेत. इंटेलिजन्स ब्युरोतही तांत्रिक जागा असतात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा इंजिनिअर गेटच्या गुणांवर, तर डिप्लोमा, बीसीए किंवा ठरावीक विषय घेऊन बीएस्सी झालेला ज्युनिअर पदासाठी लेखी, प्रात्यक्षिक आणि मुलाखत देऊन जातो. म्हणजे पॉलिटेक्निकला जाणाऱ्या मुलालाही जागा आहे. "डिप्लोमा म्हणजे नापासांचं शिक्षण" हे बोलणं आता बंद करावं. कारगिलनंतर, 2004 मध्ये उभी राहिलेली एनटीआरओ ही संस्थाही तांत्रिक माणसंच घेते. रॉचं मात्र तसं नाही. तिथे जाहिरात देऊन सगळ्यांसाठी परीक्षा होत नाही, त्यामुळे "रॉचा फॉर्म" म्हणून कुणी पैसे मागितले तर समजून जा.

एका दारावर अडलं म्हणून रस्ता संपत नाही. एपीजे अब्दुल कलाम हवाई दलाच्या निवडीला डेहराडूनला गेले तेव्हा 25 जणांत नववे आले आणि जागा होत्या आठ. त्याच काळात, 1958 मध्ये, ते संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागात रुजू झाले.

आता जिथे आपली घरं खरोखर मार खातात तो विषय: कागदपत्रं. शाळेच्या जनरल रजिस्टरला शेख, आधारवर शैख, बापाच्या रेशनकार्डावर नुसतं 'मोहम्मद' आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर 'मोहद'. आमच्या एका विद्यार्थ्याची निवड झाल्यावर इंग्रजी स्पेलिंगच्या तीन तऱ्हा निघाल्या आणि प्रतिज्ञापत्रं, राजपत्र यांत कित्येक महिने गेले. पोरगा हुशार, पण रोज झेरॉक्सच्या दुकानात. ओबीसीत मोडणाऱ्या घरांनी एवढंही पाहावं की राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी; नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो. एनडीएसारख्या अधिकारी भरतीत मात्र आरक्षण नसतं.

निवडीनंतर पोलीस पडताळणी होते. फॉर्ममध्ये मागचे पत्ते, अटक किंवा गुन्हा, सगळं विचारतात. मोहल्ल्यातल्या एखाद्या भांडणात नाव आलं असेल आणि निर्दोष सुटला असेल तरी लिहायचं. अवतार सिंग प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिलेली माहिती खरीच हवी. लपवलेलं उघड झालं तर नेमणूक रद्द होऊ शकते. चाचा किंवा मामू आखातात कामाला असणं हा काही गुन्हा नाही. विचारलं तर सरळ लिहा, न विचारता घाबरू नका.

फोनचंही तसंच. व्हॉट्सअपवर आलेलं भडकाऊ काहीही पुढे ढकलू नये, 'बघूया जमतं का' म्हणून दुसऱ्याचं अकाउंट उघडू नये. सायबर सुरक्षा शिकायची तर सी-डॅकसारख्या संस्थेत रीतसर शिकावं. आणि नोकरी लागलीच तर अम्मी-खालांनी पेढे जरूर वाटावेत, पण कुठल्या खात्यात लागला ते स्टेटसवर टाकू नये. गोपनीयतेचा 1923 चा कायदा आजही लागू आहे.

मूल आठवीत-नववीत असेल तर या आठवड्यात शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग बघून या. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी दुरुस्ती शाळेमार्फत होते. नंतर तीच चूक बोर्डाच्या कार्यालयापर्यंत न्यावी लागते.