खुणेचा शोध : यकृताचा कर्करोग आणि घडवलेल्या टी-पेशी

रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी, म्हणजे विषाणूग्रस्त किंवा बिघडलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, बाहेर काढून, त्यांची जनुकीय घडण बदलून त्या कर्करोगावर सोडण्याच्या विद्येचा इतिहास बहुधा 1989 पासून सांगितला जातो. त्या वर्षी इस्रायलमधील रेहोवोत येथील वाइझमन संस्थेत झेलिग एश्हार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाचा लक्ष्य ओळखणारा भाग टी-पेशीच्या ग्राहीला जोडून दाखवला. यकृताच्या कर्करोगापुरते मात्र हे प्रकरण 1963 च्या मॉस्कोपासून सुरू करणेच न्याय्य ठरेल, कारण या रोगात पेशींना मारायला शिकवण्याहून कोणाला मारायचे हे ठरवणे कठीण गेले.

मॉस्कोत गॅरी आबेलेव्ह यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात असे प्रथिन आढळले, की जे एरवी गर्भातील यकृत तयार करते आणि जन्मानंतर जवळजवळ नाहीसे होते. पुढच्याच वर्षी आस्त्राखान येथे युरी तातारिनोव्ह यांना त्याच जातीचे प्रथिन यकृताच्या कर्करोगाने पीडित माणसाच्या रक्तात सापडले. अल्फा-फीटोप्रोटीन या नावाची रक्ततपासणी आजही केली जाते ती या शोधामुळेच. निदानाला मोलाचे ठरलेले हे प्रथिन उपचाराला मात्र सहजी उपयोगी पडेना, कारण पेशी ते रक्तात सोडून देते, अंगावर बाळगत नाही, आणि एश्हार यांच्या पद्धतीने घडवलेल्या टी-पेशीला समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावर जे असेल तेच ओळखता येते.

रक्ताच्या कर्करोगात ही अडचण नव्हती. तेथील बी-पेशींवर सीडी-19 ही ठळक खूण असते. तिच्यावर रोखलेल्या टी-पेशी निरोगी बी-पेशीही मारतात, तरी त्यांच्यावाचून माणूस जगू शकतो. या खुणेवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला अमेरिकेत ऑगस्ट 2017 मध्ये मान्यता मिळाली, आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल रुग्णालय यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-19 ला भारतात ऑक्टोबर 2023 मध्ये. यकृताच्या बाबतीत अशी सवलत नाही. निरोगी यकृतपेशीही त्याच माऱ्यात सापडल्या, तर रुग्ण वाचत नाही.

म्हणूनच 2003 मध्ये टोरोंटोतील मारियाना कापुरो, जॉर्ज फिल्मस आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलेल्या ग्लिपिकन-3 चे महत्त्व या इतिहासात सर्वांत मोठे मानावे लागते. हेही गर्भावस्थेतलेच प्रथिन, निरोगी प्रौढ यकृतात जवळपास न आढळणारे, पण ते कर्करोगी पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. शांघायमधील संशोधकांनी त्याच्यावर रोखलेल्या टी-पेशी 13 रुग्णांना दिल्या. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी दोघांच्या गाठी काही प्रमाणात आक्रसल्या. खूण अचूक असूनही फळ एवढेच का, याचे एक कारण खुद्द यकृताच्या स्वभावात आहे. आतड्यांतून येणारे रक्त अन्नातील प्रथिने आणि जिवाणूंचे अवशेष घेऊन आधी यकृतातच शिरते, आणि त्या प्रत्येकाशी लढत बसले तर हा अवयव स्वतःच जळून जाईल. त्यामुळे तो प्रतिकारक पेशींना शांत ठेवतो. ब्रिटिश शल्यविशारद रॉय काल्न आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्येच नोंदवले होते, की एका डुकराचे यकृत दुसऱ्यात रोपल्यास ते पुष्कळदा प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांशिवायही टिकते. अशा ठिकाणी वाढलेल्या गाठीत पोचलेली टी-पेशी लवकर थकते.

या थकव्यावर ह्यूस्टनच्या बेलर वैद्यक महाविद्यालयातील आंद्राश हेत्सेई आणि सहकाऱ्यांनी योजलेला उपाय 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लिपिकन-3 ओळखणाऱ्या साध्या टी-पेशी दिलेल्या 12 रुग्णांपैकी एकाचीही गाठ आक्रसली नव्हती. पुढील 12 जणांना दिलेल्या पेशींत इंटरल्यूकिन-15, म्हणजे टी-पेशींना तगवणारे आणि वाढवणारे प्रथिन, तयार करणारे जनुकही घातलेले होते, आणि त्यांतील चौघांच्या गाठी लहान झाल्या. बळावलेल्या पेशींमुळे सर्वांगात दाह भडकण्याचा धोकाही वाढतो, आणि तो येथे वाढलाच. परंतु या पेशींत आत्मनाशाची एक कळ आधीच बसवलेली होती, जी ठरावीक औषध देताच चालू होऊन पेशींना मारते. बहुतेकांचा दाह इतर औषधांनी आवरला, मोजक्या वेळीच ती कळ दाबावी लागली.