साखरेचे पाणी आणि नॉर्वेचे दोन साडू

गर्दी वाढली की धक्के वाढतात, हे दादर स्टेशनावर उतरलेल्यांना सांगायला नको. रेणूंचेही तसेच. द्रावणाची संहती जास्त असेल, तर टकरी जास्त होतात आणि रासायनिक क्रिया सहसा वेगाने होते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या नियमाइतकाच त्याचा इतिहासही भावतो.

१८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्ल घातलेल्या साखरेच्या पाण्यातून ध्रुवित प्रकाश सोडला. साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होताना प्रकाशाचे वळण उजवीकडून डावीकडे सरकते. त्यावरून त्याने उरलेली साखर मोजली. साखर निम्मी उरली, की वेगही निम्मा! पण या कामाकडे कित्येक वर्षे फारसे कोणी पाहिले नाही.

१८६४ मध्ये नॉर्वेत काटो गुल्डबर्ग आणि पीटर वागे या साडूंनी संहतीचा परिणाम नियमात बांधला. निबंध होता त्यांच्या मायबोलीत. बाहेर कोणी वाचलाच नाही. १८६७ मध्ये त्यांनी फ्रेंचमध्ये आणि १८७९ मध्ये जर्मनमध्ये लिहिले, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली. १८८४ मध्ये फान्ट हॉफने वेगाचे शास्त्र ग्रंथरूपात मांडले. १९०१ चे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल त्यालाच मिळाले.

नियम नॉर्वेजियनमध्येही तितकाच खरा होता. उणीव होती ती वाचकांची. आपल्या मुलांना परमुलखात मराठी वाचायला शिकवायचे ते यासाठीच, असे मला वाटते.