सांगावा, रेडिओ आणि अक्षर

प्रौढ शिक्षणातील यंत्रसाधनांचा इतिहास बहुधा रेडिओपासून सांगितला जातो. आपण तो त्याच्या आधीपासून सांगितला पाहिजे. रेडिओ येण्यापूर्वी गावाचे निरोप वाहणारे साधन म्हणजे महाराचे पाय. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचविणे, दवंडी देणे, मयताचा सांगावा नेणे ही वतनाची कामे. गावाचे बोलणे त्याच्या पायांनी चालत होते; पण हातातल्या कागदावर काय लिहिले आहे हे समजण्याची वाट मात्र त्याला बंद होती. निरोप वाहणारा एक आणि अक्षर जाणणारा दुसरा, ही फाळणी हेतुपुरस्सर होती. प्रौढ शिक्षणातले प्रत्येक नवे यंत्र याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजे : ते ही फाळणी मोडते की टिकवते?

१८५५ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला फक्त रात्र मोकळी. तेव्हा दिवा हेच त्या शाळेचे पहिले यंत्र. पण दिवे त्या काळी वाड्यावाड्यांतून जळतच होते. फरक दिव्यात नव्हता, उंबरठ्यात होता. याच जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. अक्षर आणि पाणी यांचा प्रश्न एकच आहे, हे त्यांनी कृतीने सांगितले.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोता मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा चर्चा झालेल्या गावांत लोकांचे ज्ञान स्पष्टपणे वाढलेले दिसले. निष्कर्ष मोलाचा आहे : माणूस यंत्राने शिकत नाही, यंत्राभोवती बसून बोलल्याने शिकतो.

पण मग प्रश्न उरतो, त्या भोवती बसायचे कुणी? मंडळ शेतकऱ्यांचे होते. ज्याला शेत नाही, ज्याने चावडीच्या पायरीखाली उभे राहायचे, त्याने चर्चेत तोंड कसे उघडायचे? महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली विधेयक मांडले होते. वतन रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये. म्हणजे रेडिओ गावात बोलू लागला तेव्हाही कायद्याने वतन शिल्लकच होते.

आणि त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला लाखो माणसे नागपुरात जमली. त्यांतील असंख्यांना अक्षरओळख नव्हती. पण बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा त्यांनी ऐकल्या, उच्चारल्या आणि घरी नेल्या. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, ही रीत वस्त्यांनी जोपासली होती. या माणसांत शिकण्याची इच्छा नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

पुढे यंत्रे मोठी झाली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरदर्शन पोचले. उपग्रह अमेरिकेचा, मुदत संपली, उपग्रह गेला. २००० साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आंध्र प्रदेशात संगणकावर प्रौढांना वाचन शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. सुटी अक्षरे घोकण्याऐवजी पूर्ण शब्द चित्रासह ओळखायचा, सुमारे चाळीस तासांत वाचू लागायचे, ही पद्धत. सुरुवातीला भर वाचनावर होता. वेळ वाचतो, हे खरेच. पण वाचता येणारा नोटीस वाचतो; लिहिता येणारा तिला उत्तर देतो. दलिताला ही दुसरी विद्या अधिक लागते, कारण त्याच्याकडे नोटिसा फार येतात. २०२२ साली मंजूर झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात तर मोबाइलवरचे अॅपच आले.

१९६१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता २४ टक्के होती. अनुसूचित जातींची १०.२७, त्यांतील स्त्रियांची अवघी ३.२९. २०११ साली देशाची ७३ टक्के, अनुसूचित जातींची ६६, त्यांतील स्त्रियांची सुमारे ५६. दिवा गेला, रेडिओ आला, उपग्रह आला, संगणक आला. अंतर कमी झाले, पण मिटले नाही. सर्वांत मागे आपली आई-बहीणच राहिली.

म्हणून कार्यकर्त्यांनी यंत्राला नकार देऊ नये. नकार हे आपले धोरण कधीच नव्हते. नवे यंत्र वस्तीत येईल तेव्हा तीन प्रश्न मात्र विचारावेत. ते कुणाच्या दारात ठेवले आहे? चालू-बंद करण्याचा हात कुणाचा आहे? आणि त्यावर शिकलेली बाई उद्या आपल्या मजुरीचा अर्ज स्वतः लिहील काय? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण पुन्हा दुसऱ्याचाच सांगावा वाहत आहोत, एवढे ओळखावे.