तगरचं कापड पुतेओलीच्या धक्क्यावर

पावसाळा सरता सरता तेरला जा आणि पांढरीच्या टेकडीवर चढा. पावसानं माती धुऊन गेलेली असते. उतारावर खापरं, शंखाच्या बांगडीचा तुकडा, नशीब असेल तर एखादा मणी उघडा पडलेला दिसतो. खाली तेरणा नदी. आता इथूनच दोन हजार वर्षं मागे चला. गोरोबाकाकांचं मंदिर दिसेनासं होतं; काका जन्माला यायलाच अजून बाराशे वर्षं आहेत. गावाचं नाव तगर. इसवी सनाचं ६३ वं वर्ष चालू आहे आणि तुमच्या पुढ्यात बैलगाड्या भरताहेत.

गठ्ठा कसा बांधतात ते जवळून पाहा. कापडाची घडी घडीवर चढते, वरून जुनेरं गुंडाळतात, मग एक जण गठ्ठ्यावर गुडघा रोवतो आणि दुसरा दात आवळून दोरी ओढतो. सैल बांधलेला गठ्ठा वाटेत पाणी पितो, म्हणून तुम्हीही हात लावा. बहुतेक माल जाडंभरडं सुती कापडच, त्यात थोडी तऱ्हेतऱ्हेची मलमल. इजिप्तमधला एक ग्रीकभाषी व्यापारी याच सुमारास समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहितो आहे. ‘पेरिप्लस’ म्हणून आज ती जगभर वाचतात. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे, तिथून साधं कापड भरपूर येतं, आणि रस्ता नसलेल्या मुलखातून ते गाड्यांवर लादून आणतात, असं त्यानं नोंदवलं आहे. ते तगर म्हणजे हेच तेर, हे पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं.

बालाघाट ओलांडून दहा दिवसांत पैठण, तिथून वीस दिवसांत भडोच. नर्मदेच्या मुखाशी उधाणाची भरती इतकी अंगावर येते, की राजाचे कोळी लांब होड्या घेऊन परक्या गलबतांना सामोरे जातात आणि ओढून आत आणतात. तुमचं गलबत हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर सुटतं. तांबडा समुद्र, बेरेनिके बंदर, वाळवंटात उंटावर बारा दिवस, तेही बरेचसे रात्रीचे, मग नाईल आणि अलेक्झांड्रिया. तिथं रोमचा जकातदार मालाच्या किमतीचा चौथा हिस्सा उतरवून घेतो. तरीही हे कापड पुढं विकायला परवडतं. तेरणेकाठच्या कोष्ट्यांच्या हाताची किंमत कुणी विचारली, तर हा हिशेब सांगावा.

आता डोळे भरून बघायची जागा आली. इटलीच्या किनाऱ्यावरचं पुतेओली, आजचं पोझ्झुओली. काप्रीचं बेट मागे पडलं की इतर गलबतांना वरचं शीड उतरवावं लागतं. ते चढवून यायची मुभा फक्त अलेक्झांड्रियाच्या जहाजांना. त्या शिडावरूनच लोक तुम्हाला ओळखतात आणि अख्खं गाव धक्क्यावर लोटतं. सेनेका नावाच्या तत्त्वज्ञानं याच वर्षांत अशा गर्दीचं वर्णन एका पत्रात केलं आहे.

पण तुम्ही गर्दीकडे पाहू नका, पायाखाली पाहा. हा धक्का कमानींवर उभा आहे आणि कमानींचे खांब थेट समुद्रातून वर आलेत. इथल्या ज्वालामुखीची राख चुन्यात कालवतात, दगडाचे तुकडे मिसळतात आणि पाण्यात उभ्या केलेल्या लाकडी साच्यांत ते ओततात. चुना पाण्यात विरघळायचा सोडून दगडासारखा घट्ट होतो. खाली वाका, लाटेखालच्या खांबाला तळहात लावून बघा. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी मातीची भिंत लिंपणाऱ्या माणसाला याहून मोठं नवल ते कोणतं?

गावामागून गंधकाचा वास येतो. तिथं जमिनीतून सतत वाफ उठते. जरा अलीकडे रंगाचे कारखाने आहेत. वेस्तोरियस नावाच्या उद्योजकानं ही विद्या अलेक्झांड्रियाहून इथं आणली. वाळू आणि खार पिठासारखे बारीक दळायचे, त्यात तांब्याचा कीस घालायचा, पाण्यानं गोळे वळायचे, वाळवून मडक्यात भरून भट्टीत ठेवायचे. बाहेर येतो तो निळाभोर रंग. तगरमध्ये तुम्ही काचेचे मणी पाहिले आहेत, म्हणून या भट्टीपाशी तुमचे पाय जास्त वेळ अडतात.

आणि बंदराच्या काठावर एक छोटं देऊळ. देव रोमन नाही. संगमरवरी चौथऱ्यावर लॅटिनमध्ये दुशारा या अरबी देवाचं नाव आहे, वरच्या खाचांत उभे दगड बसवलेत. ना नाक, ना डोळे. शेंदूर न फासलेला तांदळाच जणू! नबाती व्यापाऱ्यांनी हे उभारलं. दोघांनी देवाला दोन उंट वाहिल्याचा लेखही त्यांच्या लिपीत कोरलेला आहे. परमुलखात दुकान थाटायचं तर आधी आपला देव बसवायचा, हे तुम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पुढं हा किनारा खचला आणि देऊळ पाण्याखाली गेलं. २०२३ मध्ये पाणबुड्यांना तिथं चौथरे पुन्हा दिसले.

उपसागराच्या कडेनं पाँपेई फार लांब नाही. दोनेक वर्षांपूर्वीच्या भूकंपानं शहर खिळखिळं झालंय, जागोजागी डागडुजी चालू आहे. रस्त्याच्या काळ्या दगडांत गाड्यांच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या पाहून तुमच्यातला गाडीवान थबकतो. मुख्य रस्त्यालगतच्या एका घरात, ७९ साली व्हेसुव्हियसची राख पडेपर्यंत, एक हस्तिदंती बाई असणार आहे: वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना शृंगाराचं सामान घेतलेल्या दासी. १९३८ मध्ये ती सापडली, आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर कोरलेलं खरोष्ठी अक्षर वायव्येकडच्या कारागिरांची आठवण देतं. पण भोकरदन आणि तेरच्या हस्तिदंती बायका शेजारी ठेवल्या की नातं लपत नाही. तेरची बाई पाहायची तर रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या गावातल्याच संग्रहालयात जा.

या बाईवर पुष्कळ लिहिलं गेलं, ते योग्यच आहे. मला मात्र त्या गठ्ठ्यांचं जास्त वाटतं. हस्तिदंत टिकला, कापड कुजलं, म्हणून कोष्ट्यांची आठवण बुडाली. बेरेनिकेच्या कोरड्या वाळूनं तेवढी दया दाखवली: तिथं उकरताना भारतीय सुती कापडाचे तुकडे मिळाले, शिडाच्या कापडासह. धाराशिवच्या शाळांत इतिहासाच्या तासाला हे तुकडे मुलांना चित्रात तरी दाखवायलाच हवेत.

परतायची घाई करा. हिवाळ्यात इथला समुद्र बंद असतो, पण वसंतात निघालात आणि वारा अनुकूल मिळाला, तर अलेक्झांड्रिया नऊ दिवसांत गाठल्याचीही नोंद आहे. जुलैत तांबड्या समुद्रातून सुटलात तरच पावसाळी वारा भडोचला नेतो. चुकलं तर वर्ष वाया. बरोबर पोवळी, तांबं, थोडी काच घ्या. आणि कनवटीला एक चांदीचं नाणं ठेवा, रोमन सम्राट तिबेरियसच्या चेहऱ्याचं. तगरच्या कुंभाराला ते हवंय. तो नाण्याचा ठसा घेऊन मातीचे बिल्ले काढील, वर कडी लावील, भाजील आणि बाजारात मांडील. ज्यांना चांदी परवडत नाही, त्या बायका ते दोऱ्यात ओवून गळ्यात घालतील. तसले बिल्ले तेरच्या मातीतून निघाले आहेत.