पोलिसांच्या बदल्यात शाळा

मुंबई महापालिकेच्या इमारतीपासून क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस आयुक्तालयापर्यंत चालत गेले तरी फार वेळ लागत नाही. त्या रस्त्याने महापौर जातो तो विनंती करायला. पोलीस आयुक्त त्याचे ऐकून घेतो, चहा देतो. उत्तरदायी असतो तो राज्याच्या गृहखात्याला.

ही घडी इंग्रजांच्या काळात बसली. 1864 मध्ये फ्रँक साउटर पोलीस आयुक्त झाले आणि 1888 पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. मधल्या काळात, 1872 च्या कायद्याने, नगरपालिकेच्या 64 सभासदांपैकी 32 करदात्यांनी निवडायचे ठरले. शहराला आवाज मिळाला, पण पोलिसांच्या बाबतीत तो कुणाच्या कानावर जाईना. आयुक्त नेमणार सरकार, हुकूम सरकारचा आणि खर्चाचा मोठा भार मात्र घरपट्टी भरणाऱ्यांवर! पालिकेतल्या फिरोजशहा मेहतांसारखा सभासद यावर गप्प बसणे शक्यच नव्हते. पोलीसखर्चाचे हे भांडण पालिका आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षे चालले.

ते मिटले 1907 च्या पोलीसखर्च कायद्याने. पोलिसांचा सगळा खर्च सरकारने उचलला. त्याच्या मोबदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत आणि देवी टोचण्याचे काम पालिकेच्या अंगावर आले. माझ्या मते या शहराच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा सौदा. गिरणगावातल्या पोरांच्या पाटीला, परळच्या केईएम रुग्णालयातल्या खाटेला पालिकेचा पैसा लागला, तो याच वाटेने. पण जाता जाता एक दोरीही तुटली. पोलिसांना जाब विचारायला पालिकेकडे जे एकच निमित्त होते, पैशाचे, तेही संपले.

म्हणून 1931 मध्ये पालिकेच्या अध्यक्षाला ‘मेयर’ ही पदवी मिळाली आणि बोमन बेहराम पहिले मेयर झाले, तेव्हा त्यांच्या हाती मान आला, शिपाई आला नाही. पुढे सावरकरांनी मराठीला ‘महापौर’ हा शब्द दिला. पौर म्हणजे पुरात, नगरात राहणारा. पोलिसांपुढे महापौर खरोखरच तेवढा उरतो: शहरातला मोठा रहिवासी.

मोहल्ल्यातली चोरी, रात्रीची दारूबाजी, मुलींची छेडछाड यांच्या तक्रारी लोक आजही आधी नगरसेवकाकडे नेतात. तो लेटरहेडवर निवेदन लिहितो आणि वरिष्ठ निरीक्षकाची वेळ मागतो. अतिक्रमण पाडायला निघालेले पालिकेचे पथकसुद्धा आधी पोलीस ठाण्याकडे बंदोबस्त मागते; तो मिळाला नाही, तर जेसीबी उभा करून कारवाईची नवी तारीख धरतात.