सावध ग्राहक आणि चोरीला गेलेला कार्ड क्रमांक : बेंगळुरूच्या संदर्भात

प्रस्तावना

कार्ड कोणाच्या हाती दिलेले नाही, पिन कोणाला सांगितलेला नाही, तरीही खात्यातून पैसे जातात. अशा वेळी पहिला संशय ग्राहकाच्या निष्काळजीपणावर येतो. पण कार्डाचा क्रमांक फक्त ग्राहकाच्या पाकिटात नसतो. तो दुकानदार, बँक, सेवा केंद्र आणि व्यवहारांची प्रक्रिया करणारी कंपनी यांच्या संगणकांतही असतो. बेंगळुरू आणि पुणे येथे जगभरातील बँकांची अशी कामे आली, तेव्हा हा धोकाही त्यांच्यासोबत आला.

१. आतला माणूस

२००६ मध्ये एचएसबीसीच्या बेंगळुरू येथील केंद्रातून ग्राहकांची माहिती बाहेर गेली. ब्रिटनमधील सुमारे २० ग्राहकांचे २ लाख ३३ हजार पौंड गेले आणि केंद्रातील एका कर्मचाऱ्याला अटक झाली. येथे कोणतेही कुलूप फुटले नव्हते; माहिती पाहण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीवरच आरोप होता.

२. बाहेरचा घुसखोर

१९ व २० फेब्रुवारी २०१३ रोजी बँक मस्कतच्या प्रीपेड कार्डांवर मोठा दरोडा पडला. या कार्डांची प्रक्रिया बेंगळुरूतून काम करणारी एनस्टेज ही कंपनी करत होती. चोरांनी तिच्या यंत्रणेत शिरून अवघ्या १२ खात्यांवरील रक्कम काढण्याची मर्यादा उठवली. क्रमांक आणि पिन टोळ्यांकडे गेले. टोळ्यांनी ती माहिती चुंबकीय पट्टी असलेल्या इतर कार्डांवर उतरवली. सुमारे १० तासांत २४ देशांतील एटीएममधून ३६ हजार व्यवहारांद्वारे ४ कोटी डॉलर काढले गेले. त्यांपैकी २,९०४ व्यवहार एकट्या न्यूयॉर्कमध्ये झाले. मूळ कार्ड कोणाच्या खिशातून हललेही नव्हते.

२०१६ मध्ये भारतातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली. बेंगळुरूच्या सिसा या संस्थेच्या तपासणीत हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरल्याचे आढळले. त्या काळात नेहमीसारखे एटीएम वापरणे, एवढाच अनेक कार्डधारकांचा संबंध होता.

३. उपायांची दिशा

क्रमांक कायम गुप्त राहील, हा भरवसा हळूहळू सुटत गेला. त्यामुळे नुसत्या क्रमांकावर पैसे मिळू नयेत, अशी व्यवस्था उभी राहिली. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून देशातील ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. ओटीपी हे तिचेच परिचित रूप. पुढे चुंबकीय पट्टीच्या कार्डांऐवजी चिपची कार्डे आली. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना ग्राहकाचा मूळ क्रमांक साठवण्यास मनाई झाली आणि त्याजागी टोकन आले.

४. नुकसान कोणाचे?

६ जुलै २०१७ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दोष बँकेचा नाही, ग्राहकाचाही नाही, तर यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा प्रसंगी बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवल्यास त्याच्यावर भार येत नाही, असे त्यात ठरले. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे कामही बँकेवर टाकले गेले.

सारांश

सावधगिरीने ग्राहकाच्या हातातील वाट बंद होते. बाकीच्या वाटा इतरांच्या ताब्यात असतात. म्हणून ‘क्रमांक कोणी दिला?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘तो कोणाकडे साठवलेला होता?’ हेही विचारावे लागते. ग्राहकाच्या हाती उरते ते बँकेचे संदेश वाचणे आणि अनोळखी व्यवहार दिसताच त्याच दिवशी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवणे.